पंचनामा जागेवरच लिही

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. आठ पानांपैकी साडेपाच पाने बंदोबस्त, नाकारलेली रजा आणि मासिक गुन्हे बैठकीत उभे राहून ऐकून घ्यावे लागलेले बोल यांनी भरली आहेत, आणि ज्या एका गोष्टीने मी रात्री उठून बसलो ती तू शेवटून दुसऱ्या पानावर चार ओळींत उरकली आहेस. शिक्षक दांपत्याच्या घरी रात्री घरफोडी झाली. तुझ्या नावाचा घटनास्थळ पंचनामा हवालदारांनी ठाण्यात बसून तयार केला. त्यात ‘बंद घराच्या मुख्य दरवाजाचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला’ असे लिहिले आहे. आणि दुसऱ्या दिवशी तू स्वतः गेलीस तेव्हा कडी जागच्या जागी होती व मागच्या खिडकीचे दोन गज वाकवलेले होते. पंचांच्या सह्या झालेल्या आहेत, तुझी तेवढी बाकी आहे, आणि ती केल्याने काय बिघडणार आहे, असे तुला ठाण्यात सगळेच विचारत आहेत.

तू चांगली अधिकारी होशील की नाही, या तुझ्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. ज्या घरात तू वाढलीस तिथे त्याचे उत्तर मिळालेले आहे. मला बोलायचे आहे ते त्या कडीकोयंड्याविषयी.

कडीकोयंडा तोडणारा आणि गज वाकवणारा हे बहुतेक वेळा दोन वेगळे चोर असतात. गज वाकवायला जॅक किंवा लांब कटावणी लागते, मागच्या बाजूची माहिती लागते, आत शिरायला सडपातळ माणूस लागतो. उद्या शेजारच्या तालुक्यात असेच गज वाकवणारी टोळी सापडली आणि तिथल्या अधिकाऱ्याने संगणकावर याच पद्धतीचे गुन्हे शोधले, तर तुझा गुन्हा त्याला दिसणारच नाही, कारण कागदावर तो कडीकोयंड्याचा आहे. त्या बाईंचे मंगळसूत्र त्या टोळीकडे सापडले तरी ते कोणाचे हे कोणाला कळणार नाही. तुझ्या हवालदारांनी लबाडी केली असे मी म्हणत नाही. ते आदल्या दिवसापासून बंदोबस्तावर उभे होते, अंधारात फाटकापर्यंत जाऊन आले, आणि हात वर्षानुवर्षे जे वाक्य लिहीत आला ते वाक्य हाताने लिहिले. म्हणूनच सांगतो, जागेवर जा आणि जागेवर लिही. ठाण्यातल्या टेबलावर बसले की माणूस काय पाहिले ते लिहीत नाही, नेहमी काय लिहितो ते लिहितो.

तुझ्या बाबांचे अक्षर तुला माहीत आहे. मी फौजदार असताना ते माझे रायटर, म्हणजे तपासाचे कागद लिहिणारे पोलीस, होते, आणि त्यांनी लिहिलेल्या कागदांचे न्यायालयातले कारकूनही नाव काढीत. तीसेक वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात आम्ही दोघे असताना बांधाच्या वादातून एक खून झाला. आरोपी दुसऱ्या दिवशी हाती लागला आणि कुऱ्हाड टाकलेली जागा दाखवतो म्हणाला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर त्या शोधाशी थेट जोडलेला त्याच्या बोलण्यातला भाग चालतो, हे तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम २७ मला तोंडपाठ होते. (आज तीच तरतूद तुला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये मिळेल.) याच कलमावरचा प्रिव्ही कौन्सिलचा १९४७ चा पुलुकुरी कोट्टय्या निवाडाही मी प्रशिक्षणात घोकला होता. आधी पंचांसमोर त्याचे निवेदन लिहायचे, मग पंचांना घेऊन तो नेईल तिकडे जायचे, आणि त्याने वस्तू काढून दिली की तिथेच मोजमाप, तिथेच लेबल, तिथेच लाखेची मोहोर आणि तिथेच सह्या. यातले मला काहीही ठाऊक नव्हते असे नाही.

दुसऱ्या दिवशी गणपती विसर्जन होते. पंच मिळेनात, आणि वरून वायरलेसवर सारखी विचारणा होत होती. मी पंचांशिवायच आरोपीला जीपमध्ये घातले. गावाबाहेरच्या एका बाभळीच्या झाडालगतच्या काटेरी कुपाटीत हात घालून त्याने कुऱ्हाड बाहेर काढली. दांड्याला वाळलेले रक्त होते आणि त्यावर दोन केस चिकटलेले होते. तुझे बाबा म्हणाले, ‘साहेब, ती आहे तिथेच राहू द्या. तुम्ही पंच घेऊन या, मी इथे बसतो.’ मी त्यांच्यावर सर्वांसमक्ष ओरडलो. कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून ठाण्यात आणली, रात्री समोरच्या हॉटेलातल्या दोन माणसांना बोलावले, मी तोंडाने सांगत गेलो आणि तुझे बाबा त्या सुंदर अक्षरात लिहीत गेले.

चार वर्षांनी सत्र न्यायालयात बचावाच्या वकिलांनी पहिल्या पंचाला एवढेच विचारले की ते झाड रस्त्याच्या कोणत्या अंगाला होते. तो म्हणाला, ‘झाड मी पाहिलेच नाही. चहा पीत होतो, हवालदारांनी हाक मारली, सही केली.’ मग जीपचे लॉगबुक मागवले गेले. पंचनाम्यात वेळ साडेपाच ते सव्वासहा अशी होती आणि लॉगबुकप्रमाणे जीप चार वाजून चाळीस मिनिटांनी ठाण्यात परतलेली होती. कुऱ्हाड खरी होती, रक्त खरे होते, आरोपी खरा होता, आणि तो सुटला. मयताची बायको पायरीवर बसली होती. तिने मला विचारले, ‘कुऱ्हाड तर त्यानेच काढून दिली होती ना, साहेब?’ मी हो म्हणालो आणि पुढे एक शब्दही बोलू शकलो नाही. निकालपत्रात ताशेरे माझ्या नावावर आले, पण उलटतपासणीत ‘हे अक्षर तुमचेच ना’ हा प्रश्न तुझ्या बाबांना दिवसभर ऐकावा लागला होता. त्यांनी मला कधी बोल लावला नाही.

त्या ठाण्यात मंजूर मनुष्यबळाच्या निम्मीच माणसे होती, एकच जीप होती, आणि विसर्जनाला दंगल झाली असती तर त्या खुनाचा तपास कोणी विचारलाही नसता, हे मी आजही म्हणतो आणि ते खरे आहे. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांचे मनुष्यबळ वेगळे करा, निदान दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून सुरुवात करा, असे सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंग प्रकरणात २००६ साली सांगितले. माझ्या काळात हे झाले असते तर कदाचित मी पंचांची वाट पाहत थांबलो असतो. पण मी कितीदा हे स्वतःला सांगितले तरी त्या कुपाटीशेजारी एक माणूस बसायला तयार होता आणि मी त्याला बसू दिले नाही, एवढे शिल्लक राहतेच. मनुष्यबळाची तक्रार तू जरूर कर, लेखी कर, ठाणे दैनंदिनीत नोंदव. मात्र न पाहिलेली कडी तुटली म्हणून लिहिण्याला ती तक्रार पुरत नाही.

आता बैठकीतल्या टक्केवारीचे बोलू. तुझे उघडकीचे प्रमाण सर्वांत कमी आणि शेजारच्या ठाण्याचे उत्तम, म्हणून तू खचली आहेस. हिशेब करून पाहा. आठवडी बाजारात दहा मोबाइल चोरीला गेले, दहाही गुन्हे नोंदवले आणि तीन उघड झाले, तर प्रमाण तीस टक्के. त्यातले सहा ‘गहाळ’ म्हणून लिहून घेतले तर गुन्हे उरतात चार, उघड तेच तीन, आणि प्रमाण पंचाहत्तर टक्के. एकही चोर जास्त पकडला गेलेला नसतो. आणि जे सहा गहाळ झाले ते सगळे एकाच बस थांब्यावर, बाजाराच्याच दिवशी, दुपारी बारा ते दोनमध्ये गेले होते, ही एकमेव उपयोगी गोष्ट त्या सहा कागदांबरोबर पुरली जाते. आकड्यांवरून अधिकाऱ्याचे माप काढले की गुन्हे दडपले जातात, हे १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही लिहून ठेवले आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निवाड्याने २०१३ मध्ये स्पष्ट केले, आणि तू ते जाणतेस. मग चोरीला चोरी लिही. तपास करूनही उघड झाली नाही तर न्यायालयाकडे ‘अ’ समरी, म्हणजे तपास बंद करण्याची मंजुरी, मागताना मान खाली घालायचे कारण नाही. गुन्हा खरा आहे, आरोपी मिळाला नाही, एवढेच ती समरी सांगते.

नवा कायदा आला, आता सगळे चित्रीकरणच आहे, पंचनाम्याला पूर्वीचे महत्त्व राहिले नाही, असे तुझे सहकारी म्हणतात. हे ऐकून मला राग आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे, आणि कलम १७६ मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची तरतूद आहे. चोरीसाठी केलेल्या रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणजे तुझा गुन्हाही त्यात बसतो. पण मोबाइल जे समोर धरले तेच टिपतो. वस्तू ठाण्यात आणून, पुन्हा जागेवर नेऊन, आरोपीला ‘आता काढून दाखव’ म्हणणारे चित्रण हा माझ्याच त्या रात्रीच्या पंचनाम्याचा नवा अवतार आहे, आणि चित्रणावर तर वेळही उमटलेली असते. केस डायरीचे कलम (पूर्वीचे १७२, आता १९२) पुन्हा एकदा शांतपणे वाच. माहिती कधी पोहोचली, तपास कधी सुरू केला आणि कधी थांबवला, कोणकोणत्या ठिकाणी गेलीस, हे रोजच्या रोज लिहायला ते सांगते. मी ज्याचा तुला कंटाळा येईपर्यंत घोष लावला आहे, ते कायद्यात आधीपासून लिहिलेले आहे: जा, पाहा, तिथेच लिही.

तर आता नेमके काय करायचे ते सांगतो. त्या पंचनाम्यावर सही करू नकोस, आणि तो फाडूही नकोस. तो फाडायला तुला कोणी सांगितले तर मुळीच ऐकू नकोस. तो कोणी, कुठे बसून आणि काय पाहून लिहिला याचा हवालदारांचा जबाब घे, आणि त्यांना चारचौघांत खाली पाहायला लावू नकोस. मग नव्या तारखेचा, खऱ्या वेळेचा पुरवणी पंचनामा कर आणि उशीर का झाला ते केस डायरीत सरळ लिही. उशीर न्यायालयाला समजावून सांगता येतो. पंच त्याच गल्लीतले घे, ज्यांना ती खिडकी रोज दिसते असे. वरिष्ठांना आधी तोंडी सांग, मग लेखी दे. ते रागावतील. कदाचित पुढच्या बैठकीत तुला पुन्हा उभे करतील.

उद्याच सकाळी जा, ऊन मागच्या बाजूला येते त्या वेळी. खिडकीची उंची बाहेरून, जमिनीपासून मोज. दोन गजांमधले अंतर वाकलेल्या ठिकाणी आणि सरळ ठिकाणी, दोन्हीकडे मोज. गजाच्या गंजावर हत्याराचा ताजा ओरखडा असेल, त्याचा फोटो पट्टी शेजारी धरून काढ. ठशांसाठी गजांना, तावदानाला कोणी हात लावला का ते आधी त्या बाईंना विचार, आणि त्यांनी पुसले असेल तर ‘पुसले’ असेच लिही. खिडकीखाली कुंडी उलटी ठेवलेली होती असे तू ओझरते लिहिले आहेस. ती कुंडी कुठली, त्यांच्या घरची की शेजारची, हे तू विचारलेच नाहीस. ते विचार.

हे पत्र वाचून झाले की बाबांना दाखव. त्या कुपाटीपाशी ते बरोबर होते, हे मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाही म्हणालेलो नाही.

तुझा,
काका