गर्भपिशवीत फायब्रॉइडची गाठ निघाली, तर पिशवी काढावीच लागते का?

ताई, तुमचं वय 42, सोनोग्राफीत 4 सेंटीमीटरची गाठ, पाळीत खूप अंगावरून जातं आणि डॉक्टर म्हणाले, "मुलं झालीत ना, मग काढून टाका पिशवी, उद्या कॅन्सर नको." चार वर्षांपूर्वी मीही अगदी हेच ऐकलं आणि रात्रभर रडले.

फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या स्नायूची साधी गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना ती होते, कितीतरी जणींना पत्ताही लागत नाही. तिच्यात कॅन्सर निघणं अगदी विरळा. त्या भीतीने पिशवी काढू नका.

मी दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे पिशवी म्हणून उलटा पेरू काढला, मधे एक फट, आणि पेनाने तीन ठिपके दिले: एक सालीबाहेर, एक गरात, एक फटीत डोकावणारा. म्हणाल्या, "बाहेरची लिंबाएवढी गाठ गप्प बसेल, फटीतली बोराएवढी अंथरूण भिजवेल." माझी फटीतलीच होती, 2 सेंटीमीटरची. रात्री मी गादीवर रबरी कापड घालून झोपत होते, हिमोग्लोबिन 7 वर आलं होतं. आधी सलाईनमधून लोह दिलं, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्या दिल्या. मग योनीमार्गे दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. पोटावर टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पिशवी आहे तिथेच आहे.

म्हणून आकड्यापेक्षा जागा बघा. रिपोर्टमध्ये सबम्युकस (फटीतली), इंट्राम्युरल (गरातली) की सबसिरस (बाहेरची) असं लिहिलेलं असतं. तुमची गरातली असेल आणि फट वेडीवाकडी झाली नसेल, तर हार्मोनची तांबीसारखी वस्तू पिशवीत बसवतात, रक्तस्राव बराच कमी होतो. लॅपरोस्कोपीने (पोटातून दुर्बीण घालून) नुसती गाठ काढता येते, पण नव्या गाठी येऊ शकतात. मोठ्या शहरांत मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचं रक्तच तोडतात. इंजेक्शनांनी गाठ आक्रसते, बंद केली की पुन्हा वाढते. पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आपोआप लहान होतात. तुमच्या वयाला हाही हिशेब धरा.

पिशवी काढणं चूकच असं मी म्हणत नाही. गाठी खूप आणि मोठ्या असतील, बाकी सगळं करून झालं असेल, तर त्यानेच बाई सुटते. पण बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्याचं 2019 मध्ये उजेडात आलं, सरकारला समिती नेमावी लागली, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. ऑपरेशन ठरलंच तर अंडाशय ठेवणार का, हे आधी विचारा. ते गेले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो, हाडंही झिजतात.

मधल्या दिवसांतही रक्त जात असेल, तर पिशवीच्या आतल्या अस्तराची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं) टाळू नका. आणि तासाला पॅड बदलावं लागत असेल, चक्कर येत असेल, तर पुढच्या पाळीची वाट न बघता आजच दवाखाना गाठा. यातलं काही नसलं, तरी हिमोग्लोबिन मात्र उद्याच तपासून घ्या.