नवऱ्याची बदली सायप्रसला झाली आहे. तिथे विषारी साप खूप आहेत का? दोन लहान मुलांसह बाग असलेलं घर घ्यावं की फ्लॅट?

घर बागेचंच घ्या. आणि बागेत लांबलचक काळा साप दिसला तर त्याला कोणालाही मारू देऊ नका. घरी आलेल्या पाहुण्याला तर मुळीच नाही.

माझं माहेर संगमेश्वरकडचं, फुरशांच्या मुलखातलं. मी सहावीत असताना वडिलांना चिरे उचलताना फुरसं चावलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. सरकारी दवाखान्यात लस मिळाली म्हणून वाचले. तेव्हा सापाची भीती काय असते ते मला कोणी सांगायला नको. पण घाबरणं वेगळं आणि दिसेल त्या सापाला ठेचणं वेगळं, हे मला वडिलांनीच शिकवलं. चावल्यानंतरही त्यांनी आमच्या गोठ्यातल्या धामणीला कधी काठी लावू दिली नाही.

2011 ते 2017 आम्ही लिमासोलच्या वर, डोंगरउतारावरच्या एका गावात राहिलो. लिमासोलमध्ये जहाजांचा कारभार बघणारी ऑफिसं पुष्कळ आहेत, मिस्टर तशाच एका ऑफिसात होते. तुमचंही तसंच असणार असं धरून चालते. शहरात फ्लॅट मिळत होता, पण मला अंगण हवं होतं. घरामागे द्राक्षांचे जुने मळे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले, आणि त्यांना आधार म्हणून माती-चुना न लावता रचलेले दगडी बांध. हुबेहूब आपला गडगा. पहिल्याच दिवशी मी मिस्टरांना म्हटलं, इथे साप असणार. गडग्यात पाली, सरडे, उंदीर राहतात, आणि ते राहतात तिथे साप येतोच.

तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर माणसाच्या जिवाला खरा धोका असलेला साप सायप्रसमध्ये एकच आहे. तिथले लोक त्याला फिना म्हणतात, नाहीतर कुफी. कुफी म्हणजे बहिरी. माणूस जवळ आला तरी ती हलत नाही, पडल्या जागी पडून राहते, म्हणून हे नाव. आपल्या घोणशीच्या गोतातली आहे. अंग जाड, डोकं रुंद, मान बारीक, शेपटी एकदम आखूड. घोणशीच्या पाठीवरची साखळी लांबूनही कळते, फिनाची नक्षी मात्र इतकी पुसट की दगडमातीत ती दिसतच नाही. घोणस पिल्लं घालते, सायप्रसची फिना अंडी घालते. उन्हाळ्यात दिवसा दडून असते आणि संध्याकाळनंतर निघते, पाणी असेल त्या बाजूला जास्त.

आणखी दोन सापांना विष असतं, पण त्यांचे विषाचे दात जबड्याच्या मागच्या बाजूला असतात. त्यातला एक आपल्या मांजऱ्याच्या वळणाचा, उभ्या बाहुलीचा. मुद्दाम हातात धरून छळल्याशिवाय त्यांच्यापासून माणसाला सहसा काही होत नाही. बाकीचे बिनविषारी. पाठीवर नाण्यांसारखे ठिपके असलेला एक साप भ्याला की डोकं चपटं करून फिनासारखा दिसतो, आणि त्या सोंगापायीच मारला जातो. आपल्याकडे मण्यार समजून कवड्या मारतात तसाच.

आता काळा साप. त्याचं तिथलं नाव थेर्कोस. लहानपणी करडा, ठिपक्याठिपक्यांचा असतो, वाढला की डांबरासारखा काळा होतो. दोन मीटरचा सहज होतो. विष अजिबात नाही. धरला तर चावतो, रक्त येतं, तेवढंच. उंदीर खातो, सरडे खातो, आणि दुसरे सापही खातो, फिनासुद्धा. म्हणून जुन्या लोकांत पक्कं बसलेलं आहे की थेर्कोस असलेल्या शेतात फिना टिकत नाही. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळं गाव त्यांना याया म्हणायचं, म्हणजे आजी. त्यांच्या आणि आमच्या अंगणामधल्या गडग्यात एक थेर्कोस होता. पहिल्या वर्षीच त्यांनी मला हाताला धरून नेलं, उन्हात पसरलेला तो दाखवला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हा आमचा आहे, याला भिऊ नको. तीन उन्हाळे मी तो पाहिला. कपडे वाळत घालताना तो कधी कधी दोरीखालून निघून जायचा. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. साप दिसला की तो जागच्या जागी थांबायचा आणि तो गेला की मला सांगायला यायचा. एवढं शिकवलं होतं, आणि ते पुरेसं होतं.

2014 च्या मे महिन्यात माझे चुलत दीर आमच्याकडे तीन आठवड्यांसाठी आले. भाऊजींना फिरायची हौस. एका रविवारी आम्ही त्यांना अक्रोतिरीला नेलं. तिथे मांजरांच्या संत निकोलसचा मठ आहे. मठाची आख्यायिका अशी: चौथ्या शतकात मोठा दुष्काळ पडला, बेट सापांनी भरून गेलं, तेव्हा कॉन्स्टंटाइन बादशहाची आई हेलेना हिने जहाजातून शेकडो मांजरं आणवली. साधू दोन घंटा वाजवायचे, एक मांजरांना जेवायला बोलवायची आणि दुसरी त्यांना सापांवर पाठवायची. आजही तिथे मांजरंच मांजरं आहेत. भाऊजींना गोष्ट फार आवडली. परतीच्या वाटेवर म्हणाले, "बघा वहिनी, राजमातेलासुद्धा शेवटी सापांचा बंदोबस्त करावा लागला."

मी तेव्हा त्यांना उत्तर दिलं नाही, ते आता देते. सायप्रसमध्ये मांजर हेलेनाच्या फार आधीपासून आहे. लिमासोलजवळच शिलुरोकाम्बोस इथे सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, 2004 मध्ये ते जाहीर झालं. शेतकऱ्यांनी धान्य साठवायला सुरुवात केली, धान्याला उंदीर लागले, आणि उंदरांमागे मांजर माणसाजवळ आलं. थेर्कोस शेतात राहतो तोही उंदरांपायीच. दोघांचं काम एकच आहे, भाऊजी. एकाला तुम्ही मांडीवर घेऊन फोटो काढलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. अंगणातून "नाग! नाग!" अशी आरोळी आली. हात धुवायलासुद्धा थांबले नाही, तरी पोचेपर्यंत संपलं होतं. भाऊजींच्या हातात बागेतलं फावडं, सापाचं डोकं ठेचलेलं, अंग अजून वळत होतं. मुलगा सात वर्षांचा झाला होता, मुलगी चारची, दोघं ओट्यावर उभी. मुलगा रडत म्हणत होता, "काका, तो यायाचा आहे." भाऊजी घामाघूम झाले होते, त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी पोरांना वाचवलं. त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही, हे कबूल करते. राग नंतर आला. "वहिनी, एक फोटो काढा," असं म्हणून त्यांनी साप शेपटीला धरून उचलला तेव्हा.

याया गडग्यापलीकडून आल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. बराच वेळ दगडावर बसून राहिल्या. मग घरातून गोणपाट आणलं, सापावर टाकलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "आता फिना येईल."

भाऊजी गेले. जूनपासून उंदीर दिसायला लागले. आधी पिंजऱ्यात महिन्याला एखाददुसरा सापडायचा, जुलैत अकरा धरले. यायाच्या कोंबड्यांच्या खाद्याची पोती कुरतडली, आमच्या झाडांना पाणी घालायच्या नळ्या चार ठिकाणी चावून फोडल्या. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी चुलाणासाठी रचलेल्या लाकडांच्या ढिगापाशी मुलीच्या चपला उचलायला वाकले आणि चपलांपासून दोन हातांवर ती होती. वेटोळं घालून, दगडाच्याच रंगाची. हललीच नाही. बहिरी का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. माहेरच्या सवयीने मी पाय न उचलता घसटत मागे सरकले. यायाचा भाचा लांब दांड्याचा चिमटा घेऊन आला, झाकणाच्या डब्यात घालून तिला घेऊन गेला आणि लांब, ओहोळाच्या पलीकडे सोडली.

गेली कित्येक वर्षं दर गणपतीला घरच्या मंडळींत ही गोष्ट सांगितली जाते, पण ती मेमध्येच संपते. "वहिनींच्या अंगणात सहा फुटी नाग मारला, नाहीतर पोरं गेली असती." सगळे माना डोलवतात. त्याच घरात नागपंचमीला पाटावर नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवतात. ऑगस्टची गोष्ट मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा "असू दे गं, त्याने चांगल्याच मनाने केलं" म्हणून मला गप्प केलं. चांगल्या मनाबद्दल माझा वाद कधीच नव्हता.

एक थेर्कोस मेला म्हणूनच फिना आली हे मला सिद्ध करता येणार नाही, हेही इथे सांगायला हवं. कदाचित ती आधीपासून त्याच गडग्यात असेल आणि मला दिसली नसेल. लाकडांचा ढीग घराला लागून रचला ही चूक माझी. तुम्ही ती करू नका. लाकडं, दगड, पत्रे घरापासून लांब ठेवा, गवत आखूड ठेवा, रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि बंद बूट, आणि मुलांना दगडाखाली हात घालू न देणं. तुम्ही कुठल्याही गावाकडच्या असाल तर यात नवीन काही नाही. जोखीम अजिबात नको असेल तर शहरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घ्या, तिथे फार तर पाल येईल.

फिना चावलीच तर 112 ला फोन करायचा, ज्या हाताला किंवा पायाला चावली तो हलवू द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं. आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं यातलं काही नाही. आणि भारतातून सापाची लस सोबत न्यावी का असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली असते, ती फिनासाठी नाही. वेळेत हॉस्पिटल गाठलं तर जिवावर बेतण्याची वेळ क्वचितच येते.

तुम्ही फक्त सापांचं विचारलंत, पण मुलं आहेत म्हणून सांगते, त्या अंगणात बघण्यासारखं फार आहे. दगडावर बसून मान वरखाली करणारा मोठा खरखरीत सरडा, त्याला तिथे कुर्कुतास म्हणतात. आपल्या घोयऱ्याचा भाऊबंद, रंग बदलणारा शॅमेलिऑन. बेडकांच्या जाती त्या बेटावर तीनच: एक भेक, एक इवलासा हिरवा झाडावरचा बेडूक, जो वसंतात रात्रभर ओरडतो, आणि एक पाण्यातला. हा पाण्यातला बेडूक सायप्रसचा स्वतःचा आहे, आणि त्याची वेगळी जात म्हणून नोंद व्हायला 2012 साल उजाडलं. उन्हाळ्यात एकदा मुलांना पाफोसच्या वर लारा किनाऱ्यावर न्या. हिरवी आणि मोठ्या डोक्याची लॉगरहेड अशी दोन्ही प्रकारची समुद्री कासवं तिथे अंडी घालतात. घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवलेले असतात, ते बघून मला आमच्याकडचं वेळास आठवायचं.

आणि एक साप तुम्हाला बहुधा दिसणार नाही, पण त्याची गोष्ट माहीत असावी. आपल्या दिवडासारखा पाणथळीतला, बेडकांवर जगणारा, निरुपद्रवी. 1960 च्या दशकानंतर तो बेटावरून नाहीसाच झाला असं धरलं होतं. 1992 मध्ये तो पुन्हा सापडला. आता क्सिलियातोसचं धरण आणि पारालिम्नीचं तळं अशा मोजक्या जागी उरला आहे. पाणथळी आटल्या हे त्याचं मोठं कारण. पण ज्या गावात दिसेल तो साप फावड्याने मारायचा असतो, तिथे उरलेसुरलेही राहत नाहीत.

भाऊजी, तुमच्या सूनबाई ही अशी उत्तरं वाचतात, त्या तुम्हाला दाखवतील हे मला ठाऊक आहे. सायप्रसमध्ये नाग नाही. एकही नाही, कधी नव्हता. "फणा काढला होता" असं तुम्ही सांगता, थेर्कोस घाबरला की पुढचं अंग उचलून फुसफुसतो, तेच तुम्ही पाहिलंत. तुमच्या सांगण्यावरून काढलेला फोटो माझ्याकडे अजून आहे. मोठा करून बघितला तर डोकं ठेचलेलं असलं तरी मान स्पष्ट दिसते. खालपासून वरपर्यंत एकसारखी काळी, अंगाएवढीच बारीक.