लेकीला ग्रिड शिकू द्या

प्रश्न : मुलगी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पवनऊर्जेतच काम करायचं म्हणते. आमच्या साक्रीकडे मला तर टॉवरवर चढणारेच दिसतात. यात तिला पुढे काय? – एक पालक, धुळे जिल्हा

उत्तर : तुम्ही बघता ते देखभालीचं काम. वाऱ्याची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, सांभाळून घेणं हे वेगळं काम आहे आणि तिने तिकडेच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातलं एक काम अंदाजाचं. दिवसाचे 15 मिनिटांचे 96 ब्लॉक असतात. प्रत्येकात किती वीज देणार, हे प्रकल्पाला आधी कळवावं लागतं. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते. सेकंदाला 8 मीटर धरलेला वारा 7.2 आला, तर वेग 10 टक्क्यांनी चुकला, पण वीज साधारण 27 टक्क्यांनी घटली. ती तूट कोयनेसारख्या जलविद्युत केंद्राला चटकन भरता येते, प्रकल्पाला मात्र विचलन शुल्काचा, म्हणजे कळवल्यापेक्षा वेगळी वीज दिल्याच्या आकारणीचा, फटका बसतो. इथे पायथन आणि सांख्यिकी पक्की हवी.

दुसरं काम फॉल्टचं, म्हणजे लाइनवरच्या बिघाडाचं, आणि खरी माणसं इथे हवी आहेत. 28 सप्टेंबर 2016 ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने लाइनी पडल्या, दोन मिनिटांत व्होल्टेज पुन्हा पुन्हा कोसळलं. पवनचक्क्यांनी सुरुवातीचे धक्के सोसले. पण ‘इतक्या वेळा झालं की उत्पादन कमी कर’ अशी मर्यादा त्यांच्या सेटिंगमध्ये होती, आणि ग्रिड चालवणाऱ्यांना ती ठाऊकच नव्हती. 456 मेगावॉट गेले, सगळा भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाइनवर पडला, ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि राज्य अंधारात गेलं. अशा सेटिंग आधीच तपासणारा इंजिनिअर घडतो तो पॉवर सिस्टिम, प्रोटेक्शन आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स मन लावून शिकल्यावर.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एकाच टर्बाइनचं आयतं मॉडेल घेऊ नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. पँडापॉवर हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. त्यातल्या आयईईई 14-बस मॉडेलमध्ये (14 बस, म्हणजे जोडबिंदू, असलेलं नमुन्याचं ग्रिड) 14 नंबरच्या बसवर 10, 20, 40 मेगावॉट वारा जोडून लोड फ्लो, म्हणजे कुठे किती वीज वाहते याचं गणित, चालवावा, प्रत्येक वेळी व्होल्टेज नोंदवावं. मग 0.95 पॉवर फॅक्टरने रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज हलवणारी वीज) ओढून तेच पुन्हा करावं. लोड फ्लोमध्ये फॉल्टनंतरचे सेकंद दिसत नाहीत. त्यासाठी पुढे डायनॅमिक सिम्युलेशन शिकावं लागेल.

गेट ही इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा द्यावीच. एम.टेक.ला लागते, देशाचं ग्रिड सांभाळणाऱ्या ग्रिड इंडिया या सरकारी कंपनीची भरतीही गेटच्या गुणांवर होत आली आहे. आणि पावसाळ्यात, वारा जोरात असताना, कॉलेजच्या पत्रावर साक्रीजवळचं एखादं पूलिंग सबस्टेशन, म्हणजे अनेक पवनचक्क्यांची वीज एकत्र येते ते केंद्र, तिला दाखवून आणा. स्काडाच्या, म्हणजे तिथल्या देखरेख यंत्रणेच्या, पडद्यावर मेगावॉट वाढताना मेगाव्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचं माप) आणि व्होल्टेज कसे हलतात, ते तिने तासभर बसून टिपून घ्यावं.