शिक्का पाहिलात, रकाना पाहिलात का?

प्रश्न : ऑन्टारिओत आमच्या मंडळाच्या सभागृहाचं बांधकाम चालू आहे आणि मी खजिनदार आहे. कंत्राटदाराने मार्चअखेर तिसरं बिल दिलं. सोबत सगळ्यांची देणी चुकती केल्याचं शपथेवरचं डिक्लरेशन, सीसीडीसी ९ए हा कॅनडातला छापील फॉर्म, जोडलंय (स्कॅन पाठवतोय). दोनच दिवसांनी ड्रायवॉलवाल्याचा, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या भिंती उभारणाऱ्या पोटकंत्राटदाराचा, फोन आला : फेब्रुवारी आणि मार्च, दोन्ही महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत. कंत्राटदाराने खोटी शपथ घेतली का? आम्ही बिल थांबवावं का?

उत्तर : खजिनदारसाहेब, मुदतीचा मामला असल्याने फोनवर घाईत बोललो होतोच. आता जरा निवांत लिहितो.

आधी डिक्लरेशन हातात घ्या आणि आजवरची सगळी देणी चुकती केली असं त्यात कुठे लिहिलंय ते शोधा. सापडणार नाही. कंत्राटदार शपथेवर एवढंच सांगतो, की ज्या शेवटच्या बिलाचे पैसे मला मिळाले, तिथपर्यंतची मजुरी, माल आणि पोटकंत्राटं यांची देणी मी भागवली. तुम्ही त्याला मार्चमध्ये दुसऱ्या बिलाचे, म्हणजे फेब्रुवारीच्या कामाचे पैसे दिलेत. तेव्हा हा कागद फेब्रुवारीपुरता. मार्चचे पैसे अजून तुमच्याच खात्यात आहेत. ते त्याच्याकडे गेल्यावर ७ दिवसांत त्याने पुढे द्यायचे. डिक्लरेशन कायम एक बिल मागे चालतं, म्हणून तर पहिल्या बिलासोबत ते मागतच नाहीत.

उरला फेब्रुवारी. छापील मजकुरात तीन अपवाद आहेत. होल्डबॅक, म्हणजे बिलातून कायद्याने राखून ठेवायचा हिस्सा; आपसांत ठरवून पुढे ढकललेले पैसे; आणि खऱ्याखुऱ्या वादापायी अडवलेले पैसे. या तिसऱ्याला एक शेपूट आहे : ज्याचे पैसे अडवले, त्याला तो वाद कळवलेला असला पाहिजे. ड्रायवॉलवाल्याला सरळ विचारा, का अडवले ते तुला कळवलं का? सांधे नीट भरले नाहीत, बोर्ड वाकडे बसले, अशी एखादी ईमेल त्याच्याकडे सापडली, तर त्या दोघांचं भांडण आहे आणि शपथ खरी असू शकते. असं काही नसेल, आणि त्याने थांबायला होकारही दिला नसेल, तर मात्र डाळीत काहीतरी काळं आहे. खोटी शपथ कॅनडाच्या फौजदारी कायद्यात पर्जरी ठरू शकते, शिक्षा १४ वर्षांपर्यंत. पण त्याला आत टाकून तुमचं सभागृह उभं राहणार नाही.

माझी फजिती सांगतो. आर्किटेक्टच्या ऑफिसात बिलं तपासायचो तेव्हाची. चौथं बिल आलं. डिक्लरेशनवर सही, कमिशनर ऑफ ओथ्सचा (शपथ घेववणाऱ्या अधिकाऱ्याचा) शिक्का, तारीख त्याच आठवड्याची. मी बरोबरची खूण केली आणि बिल पुढे सरकवलं. पुढे इलेक्ट्रिशियनने जागेवर लीन, म्हणजे थकलेल्या पैशांपोटी मिळकतीवर हक्क, चढवलं, तेव्हा फाइल उघडली. फॉर्मवर एक रकाना असतो : ज्याचे पैसे मिळाले ते शेवटचं बिल, क्रमांक अमुक, तारीख तमुक. तिथे होतं ‘२’. तिसऱ्याचे पैसे आम्ही केव्हाच देऊन टाकले होते. पठ्ठ्याने मागच्या महिन्याचाच कागद घेऊन शपथेची तारीख तेवढी बदलली होती. मी वकिलाला म्हटलं, ही फसवणूक आहे. तो म्हणाला, ‘टायपिस्टची चूक म्हणेल. रकाना वाचायचं काम तुमचं होतं.’ इलेक्ट्रिशियनचे पैसे तिसऱ्याच बिलातले होते.

आता बिल थांबवायचं का? नुसत्या फोनवरून नको. ऑन्टारिओच्या कायद्यात रीतसर बिल हाती आल्यापासून २८ दिवसांत पैसे द्यायचे असतात. द्यायचे नसतील तर १४ दिवसांच्या आत विहित नमुन्यात, रक्कम आणि कारणं मांडून नोटीस द्यावी लागते. गप्प बसून अडवता येत नाही. तेव्हा त्या १४ दिवसांतच कंत्राटदाराला ईमेल करा : ड्रायवॉलचं फेब्रुवारीचं बिल किती, दिले किती, न दिलेले कोणत्या अपवादात बसतात. शेवटी एक वाक्य घाला, की तुम्हाला दिलेला पैसा कायद्याने पोटकंत्राटदारांसाठी ट्रस्टमध्ये, म्हणजे त्यांची ठेव म्हणून तुमच्याकडे, आहे. तो दुसऱ्या साइटवर फिरवला तर कंपनीचे संचालक स्वतः अडकू शकतात. या वाक्यानंतर उत्तरं लवकर येतात, असा माझा अनुभव.

ड्रायवॉलवाल्याला परस्पर चेक मात्र वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नका. अशा पैशाने तुमचा १० टक्के होल्डबॅक कमी होत नाही आणि कंत्राटदाराला लेखी कळवावंही लागतं. ड्रायवॉलवाल्याने लीनची रीतसर लेखी नोटीस दिली, तर होल्डबॅकखेरीज त्या रकमेइतके पैसे बाजूला काढावे लागतील. फोनमुळे ते बंधन येत नाही.

आणि हो, तुम्ही पाठवलेल्या स्कॅनमध्ये नेमका तोच रकाना कापला गेलाय. मूळ कागद काढा. तिथे ‘२’ असेल तर ठीक. ‘१’ असेल किंवा रिकामा असेल, तर आजच परत पाठवा.