वाचकांचे प्रश्न : घट्ट बसते, सहज सुटते

मागच्या अंकात घरातील खेळण्यांविषयी लिहिताना लेगोच्या ठोकळ्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी यंत्र अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. नातवासाठी बाजारातून लेगोसारखे दिसणारे स्वस्त ठोकळे आणले. त्यांतले काही इतके घट्ट बसतात की तो ते दातांनी सोडवतो, तर काही नुसत्या धक्क्याने निखळतात. प्लॅस्टिकच्या एवढ्याशा विटेत असे अवघड काय आहे? (नाशिक)

उत्तर : ही अडचण डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या लेगोच्या कारखान्यालाही एके काळी सतावत होती. तेथील सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन यांची बांधकामाची कामे मंदीत आटली, तेव्हा १९३२ साली ते लाकडी खेळणी करू लागले. ‘चांगले खेळ’ अशा अर्थाच्या ‘लेग गोट’ या दोन डॅनिश शब्दांपासून १९३४ साली लेगो हे नाव तयार झाले. प्लॅस्टिकच्या विटा १९४९ मध्ये आल्या. त्यांची मूळ कल्पना मात्र हिलरी फिशर पेज या ब्रिटिश खेळणीकाराची होती. त्यांच्या विटांचा नमुना पाहूनच बिलुंडच्या विटा घडल्या, आणि या खेळण्याचा इतिहास सांगताना पेज यांचे नाव अनेकदा गळते, म्हणून येथे ते आवर्जून घेत आहे.

त्या सुरुवातीच्या विटा खालून पूर्ण पोकळ होत्या. वरच्या विटेच्या भिंतींनी खालच्या विटेचे गोल उंचवटे जेमतेम धरलेले असत, त्यामुळे मनोरा रचता येई, पण तो उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचा म्हटले की त्याचे तुकडे हातात येत. ओले कर्क यांचे पुत्र गोटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगनमध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात विटेच्या पोटात नळ्या होत्या. तुमच्या नातवाकडची आठ उंचवट्यांची वीट उलटी करून पाहा. मधल्या रेषेवर तीन नळ्या दिसतील. कोपऱ्यात शिरणारा उंचवटा दोन भिंती आणि एक नळी यांच्यामध्ये अडकतो, तर मधला उंचवटा एक भिंत आणि दोन नळ्या यांच्यामध्ये. म्हणजे प्रत्येक उंचवटा तीन बिंदूंवर धरला जातो, आणि तीन बिंदूंवर धरलेल्या वर्तुळाला सरकायला जागा उरत नाही, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही.

ही पकड उंचवटा आपल्या जागेपेक्षा किंचित मोठा असल्यामुळे मिळते. वीट दाबली की भिंती कणभर बाहेर वाकतात आणि सोडवली की पूर्ववत होतात. म्हणून प्लॅस्टिक असे हवे, की हजारदा वाकवले तरी आपला आकार सोडणार नाही. आधीचे सेल्युलोज ॲसिटेट काळाबरोबर वेडेवाकडे होई, म्हणून १९६३ पासून एबीएस हे प्लॅस्टिक वापरात आले. शेजारच्या दोन उंचवट्यांच्या केंद्रांतील अंतर ८ मिलिमीटर, उंचवट्याचा व्यास ४.८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर; ही मापे जपण्यासाठी साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या हजारांश भागांत राखावी लागते. स्वस्त ठोकळ्यांत साचा झिजलेला असतो किंवा प्लॅस्टिकची जात हलकी असते, आणि शतांश मिलिमीटरमध्ये मोजण्याजोगा फरकही तुमच्या नातवाच्या दातांपर्यंत पोहोचतो.

माझ्या मते या खेळण्याचे सारे आयुष्य त्या किंचित जादा मापावर उभे आहे. आमच्या लहानपणी ज्यांच्या घरी मेकॅनो, म्हणजे नट-बोल्टने जोडायच्या धातूच्या पट्ट्यांचा संच असे, त्यांना आठवेल की त्याची क्रेन दणकट होई, पण ती सोडवताना एकेक नट पान्याने फिरवावा लागे, आणि मग ती आठवडेच्या आठवडे तशीच राही. नुसत्या लाकडी ठोकळ्यांचा बंगला उलट एका फुंकरीने कोसळे. लहान मुलाच्या बोटांत जेवढी ताकद असते, तेवढ्यानेच जोडणे आणि तेवढ्यानेच सोडवणे, ही सोय या विटेने दिली. मोडताना काही वाया जात नाही, हे कळलेले मूल करून पाहायला घाबरत नाही. शिवाय १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते, त्यामुळे आजोबांच्या डब्यातली वीट नातवाच्या घरात चालते.

एक खुलासा करायला हवा. विटेच्या मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, आणि हा आकार उपयोगासाठी आहे, म्हणून त्यावर व्यापारचिन्हाचा कायमचा हक्क मागता येत नाही, असे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या विटा म्हणजे नक्कल असे समजू नये. त्यांतही उत्तम पकडीच्या विटा मिळतात. चार विटा जोडून उचला आणि नातवाला त्या हातांनी सोडवायला सांगा, म्हणजे घ्याव्यात की नाही ते कळेल. दात मात्र वापरू देऊ नका; चपट्या विटा सुट्या करण्यासाठी ब्रिक सेपरेटर नावाची छोटी पट्टी मिळते.

प्रश्न : माझे वय ४४, नोकरी बँकेत. रात्री जेवणानंतर तासभर मी लेगो घेऊन बसतो. आई म्हणते, “अरे, तुझं वय काय आणि खेळतोस काय!” मुलगीही हसते. हा छंद पोरकट आहे का? (पुणे)

उत्तर : मुळीच नाही, आणि तुम्ही एकटेही नाही. खुद्द कंपनीने २००८ साली प्रसिद्ध इमारतींच्या प्रतिकृतींची मालिका काढली आणि २०२० पासून काही संचांच्या खोक्यांवर १८ वर्षांवरील असे ठळकपणे छापायला सुरुवात केली. पण आईंना खोक्यावरचा आकडा दाखवून भागणार नाही, म्हणून दुसरे काही सांगतो.

आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा घ्या. त्या एकमेकींवर २४ प्रकारे जोडता येतात. तिसरी वीट घेतली की प्रकार १,०६० होतात. सहा विटांचे किती? कंपनी अनेक वर्षे १०,२९,८१,५०० हा आकडा सांगत असे. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांच्या लक्षात आले, की यात एकावर एक चढत जाणारे सहा मजली मनोरेच तेवढे मोजले आहेत. एकाच थरात दोन-तीन विटा शेजारी असलेल्या रचना सुटल्या आहेत. संगणकावर सगळ्या रचना मोजल्यावर उत्तर आले ९१,५१,०३,७६५. मूठभर विटांपुढे एक गणितज्ञ असा थांबला, तर बँकेतल्या माणसाने थांबण्यात काय वावगे?

मोठ्यांना यात जे रमवते ते बहुधा आकडेमोडीच्या जवळचेच आहे. तीन चपटे तुकडे एकावर एक ठेवले की एका विटेची उंची होते, हे मुलांनाही लवकर कळते. पाच चपट्या तुकड्यांची उंची मात्र १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन उंचवट्यांच्या रुंदीइतकी भरते. हे ज्याला उमगले, तो विटा आडव्या वळवून उभ्या भिंतीत बसवू शकतो, आणि मग खिडकीची पट्टी, कमानीचा दगड, गाडीचा दिवा असे बारकावे एरवी न मिळणाऱ्या मापात जुळतात. लहान मूल हातातल्या विटेचे काय करता येईल ते पाहते, तर मोठा माणूस मनातल्या आकाराला विटेच्या मापात बसवायला धडपडतो. दोघांची बैठक एकच असली तरी कामे वेगळी आहेत. एकदा मुलीला शेजारी बसवून ते पाच तुकडे आडवे लावून दाखवा. माझी खात्री आहे की ती हसणार नाही.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला लेगोच्या गाडीचा महागडा संच मिळाला. पुस्तिका बघून दोन दिवसांत त्याने गाडी केली, कपाटावर ठेवली, आणि आता अडीच वर्षांच्या बहिणीला हात लावू देत नाही. एवढे पैसे एकदाच खेळण्यासाठी गेले, असे वाटते. गाडी मोडायला लावू का? (ठाणे)

उत्तर : लावू नका. ती त्याने स्वतः पूर्ण केलेली वस्तू आहे आणि तिचा अभिमान त्याला काही दिवस मिरवू द्यावा. मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात, तेव्हा त्यावर मावळे मांडून झाले की लगेच तो कोणी पाडायला सांगत नाही. सण सरला की तो आपोआप मोडतो आणि पुढच्या वर्षी दुसरा उभा राहतो.

पैशांबद्दलचे तुमचे वाटणे मात्र योग्य आहे. एकाच गाडीला चालतील असे खास तुकडे ज्या संचात जास्त, तो संच पुढे कमी उपयोगी पडतो. हा धडा कंपनीलाही महागात शिकावा लागला. १९९० च्या दशकाअखेर खास तुकड्यांची संख्या बेसुमार वाढली, २००३-०४ मध्ये मोठा तोटा झाला, आणि त्यातून सावरताना तुकड्यांचे प्रकार सुमारे १३ हजारांवरून ७ हजारांच्या आसपास आणले गेले. पुढच्या वेळी नव्या मॉडेलऐवजी साध्या विटांचा डबा घ्या. त्याच्याबरोबर पुस्तिका ठेवू नका, आणि “काय करशील?” असेही विचारू नका. डबा जमिनीवर उपडा करून आपण कामाला लागावे, एवढे पुरते. गाडीला गॅरेज हवे, हे त्याचे त्यालाच सुचेल.

धाकटीला मात्र ते छोटे तुकडे खरोखरच देऊ नयेत, कारण या वयात ते तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात. भाऊ तिला दूर ठेवतो, ते या बाबतीत बरेच आहे. तिच्यासाठी लेगोच्याच, १९६९ पासून मिळणाऱ्या डुप्लो नावाच्या मोठ्या विटा घ्या. त्यांची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट असते, म्हणजे आकारमान आठपट. मापे अशी बेतलेली आहेत की भावाच्या नेहमीच्या विटा बहिणीच्या मोठ्या विटांवर घट्ट बसतात. तेव्हा तुम्ही शेजारी असताना तिला रुंद चौथरा रचू द्या, आणि त्यावर गाडी उभी करायची का, ते त्याला विचारा.