आधी भोक, मग दांडा
वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त टर्नरची उत्तरं

प्रश्न : लाकूडकामाच्या लेथवर (लाकूड गरगर फिरवून पटाशीने तासायच्या यंत्रावर) फाउंटन पेन करायचा नाद लागला आहे. टोपण आतून धरायला पिन चक केला. १२ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत, मापातली लोखंडी सळई) आणला, एका बाजूने सपाट घासला, सायकलच्या स्पोकची २ मिमीची पिन ठेवली. टोपणाचं भोक साडेबाराच्या ड्रिलने पाडतो. फिरताना तुकडा डुलतो आणि पटाशी जरा जास्त लागली की जागच्या जागी घसरतो. काल तर शिसवाचा तुकडा उभा चिरला. पिन जाड घेऊ का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नका घेऊ भाऊ. पिन बिचारी तिचं काम करून राहिली आहे. घोळ तुम्ही बार विकत घेतला तिथेच झाला.

पिन चक म्हणजे एक गोल दांडा, त्यावर लांबीत घासलेली एक सपाटी आणि तिच्यावर सुटी ठेवलेली पिन. पिन सपाटीच्या मधोमध असते तेव्हा तुकडा आरामात आत सरकतो. लेथ फिरला की पिन गडगडत कडेकडे जाते. तिथे सपाटी आणि भोक यांच्यातली जागा निमुळती होत जाते, म्हणून पिन पाचरीसारखी अडकते. पटाशीचा जोर जितका, तितकी पकड घट्ट.

आता तुमचा हिशेब मांडू. दांडा १२ आणि भोक १२.५, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची फट. ती भरायला पिनला मधल्या रेषेपासून सव्वादोन मिमीच्या वर सरकावं लागतं. फट ०.१ असती तर एक मिमी पुरला असता. पिन जितकी लांब जाते तितकी पाचर बोथट होते, आणि बोथट पाचर धरत नाही, घसरते. शिवाय पिन एका अंगाने ढकलते, त्यामुळे तुकडा फटीच्या निम्म्याने, तुमच्याकडे पाव मिमीने, केंद्रातून सरकतो. डुलणं हेच. टोपण पातळ होत आलं की एक भिंत जाड, एक पातळ, आणि पातळ भिंतीवरच पिन टेकलेली असली तर शिसव चिरेल नाही तर काय करेल?

म्हणून आधी भोक, मग दांडा. ज्या लाकडाचा पेन करायचा त्याच्याच टाकाऊ तुकड्यात तोच ड्रिल मारा. साडेबाराचा ड्रिल लाकडात नेमकं साडेबाराच पाडेल याची खात्री नसते. भोक मोजा आणि दांडा त्याहून ०.०५ ते ०.१ कमी ठेवा. इतवारीतल्या लोहाओळीतून १६ चा बार घ्या आणि धातूचा लेथ असलेल्याकडून पुढचा भाग मापाला उतरवून घ्या. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला असं किरकोळ काम करून देणारे सापडतात. १६ चा मागचा भाग कॉलेटमध्ये (लेथवरच्या, गोल दांडा चहूबाजूंनी आवळणाऱ्या पकडीत) धरायला होतो आणि तुकडा त्या पायरीला टेकून बसतो. जाताना तुमचा भोक पाडलेला तुकडा सोबत न्या. कागदावर लिहिलेल्या मापापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

सपाटी कानशीने घासली तरी चालते. फक्त व्हर्निअर (जाडी बारीक मोजायची पट्टी) हाताशी ठेवा. सपाटीची खोली पिनच्या जाडीएवढीच हवी. म्हणजे दांडा १२.४ आणि पिन २ असेल तर सपाटीपासून पाठीपर्यंत १०.४ भरलं पाहिजे. टोकाला दोन-तीन मिमी न घासता सोडा, पिन बाहेर पळत नाही. मी पहिला पिन चक केला तेव्हा उत्साहाच्या भरात २ च्या पिनसाठी ३ मिमी खोल घासलं होतं. पिन आत खुळखुळ्यासारखी वाजायची, धरायचं नाव नाही. तो दांडा पुढे घरी खलबत्त्यात गेला.

पिन ठेवताना सपाटी वर येईल असा लेथ थांबवा आणि ग्रीसचा एक ठिपका लावा, नाहीतर पिन भुशात पडते. त्यासाठी खिशात एक लोहचुंबक असू द्या. मी एक पिन पाऊण तास शोधली आणि ती माझ्याच चपलेच्या तळाला चिकटलेली निघाली.

प्रश्न : तुकडा पिन चकवरून निघतच नाही. उलटा फिरवला तरी घट्टच. हातोडीने ठोकावा का?
– एक विद्यार्थी, वाडी

उत्तर : हातोडी ठेव बाप्पा बाजूला. उलटा फिरवतोस ते बरोबर, पण जास्त फिरवतोस. सपाटीच्या दोन्ही कडा सारख्याच, त्यामुळे पिन मध्य ओलांडून दुसरीकडे जाऊन अडकते. स्पिंडल, म्हणजे लेथचा फिरता दांडा, एका हाताने धरायचा, तुकडा हळूच मागे वळवायचा आणि सैल लागला की तिथेच थांबून सरळ ओढायचा. घासकागद मारताना लेथ उलटा चालवत असशील तर तेही बंद कर.

प्रश्न : बाबांनी लावलेलं संत्र्याचं झाड डिंक्याने वाळलं. त्या लाकडाचा, मागचं टोक बंद असलेला पेन बाबांसाठी करायचा आहे. पिन चक चालेल का? लाकूड फार तडकतं असं ऐकलं.
– एक वाचक, काटोल

उत्तर : ताई, चालेलच, बंद टोकाच्या पेनाला पिन चकइतकी चांगली सोय दुसरी नाही. आरपार भोक नसल्याने त्यात मँड्रेल (तुकड्यातून आरपार जाणारी सळई) घालता येत नाही, आतूनच धरावं लागतं. बंद टोकाला टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा) फिरता सेंटर, म्हणजे तुकड्याबरोबर फिरणारं टोक, शेवटपर्यंत टेकवून ठेवा. टोक गोल करायचं राहील तेवढ्यासाठीच तो काढा आणि तेव्हा पटाशीला धार लावून, अगदी केसासारखे पदर काढा. आत पितळी नळी चिकटवणार असाल तर दांडा नळीच्या आतल्या मापाचा करा. पिन लाकडाऐवजी पितळेवर टेकेल. नळीत बारीक ओरखडा उठेल, तो आतच राहतो.

तडकण्याचं मात्र खरं आहे. अख्खा ओंडका ठेवू नका. उभा चिरा, मधला गाभा टाकून द्या, २५ मिमीच्या चौकोनी कांड्या पाडा आणि दोन्ही टोकं मेणात बुडवा. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर पापड तासाभरात वाळतो, म्हणून कांड्या तिथे नेऊन ठेवाल तर सगळ्या फाटतील. पलंगाखाली ठेवा. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक ठेवून वजन कांडीवरच पेन्सिलने लिहा. लागोपाठ दोन-तीन महिने आकडा हलला नाही की भोक पाडायला हरकत नाही. दहा कांड्या करा. दोन-चार तरी तडकतील, आणि एखादी तुमच्या हातून जाईल.