बस घेण्याआधी तिच्याखाली शिरा

जुनी बस घेऊन तिचं राहतं घर करायचंय? पलंग कुठे, ओटा कुठे, हे नंतर ठरवू. बस बघायला जाताना टॉर्च आणि हातोडी घ्या आणि सरळ खाली शिरा. चासीवर, म्हणजे बसच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पुढचं बोला. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटू लागले, तर कितीही आवडली तरी ती बस सोडा. टायरच्या नक्षीवर भुलू नका, त्याचं वय बघा. बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

मी माझ्या बसमधली जुनी जमीन न उखडताच वर नवं लाकूड बसवलं होतं. पहिल्या पावसातच कुबट वास सुरू झाला. उखडून पाहिलं तर खालचा प्लायवूड ओल्या बिस्किटासारखा बोटांनी चुरडत होता. पाणी खिडकीच्या रबरातून झिरपत होतं. म्हणून म्हणतो, आधी सगळी जमीन काढा. मग एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, दुसऱ्याने आत बसून थेंब शोधायचे. गळती पूर्ण थांबल्याशिवाय इन्सुलेशनला, म्हणजे उष्णता-थंडी अडवणाऱ्या थराला, हात लावू नका.

200 लिटरची पाण्याची टाकी भरली की 200 किलो वजन वाढतं, त्यामुळे टाक्या आणि बॅटऱ्या खाली, दोन्ही बाजूंना तोलून बसवा. गॅस वापरणार असाल तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म पहिल्या रात्रीपासून हवाच, यात तडजोड करू नका.

आणि कपाटं ठोकण्याआधी रिकाम्या बसमध्ये चार रात्री झोपा. रात्री उठल्यावर पाय कुठे पडतो, ते बघून खडूने खुणा करा.